सोबतीला बसलेल्याची साक्ष

जुन्या मराठी मासिकांचे बांधीव अंक ज्यांनीं चाळले असतील त्यांना शेवटच्या पानांवरील औषधांच्या जाहिराती खचित आठवत असतील. आसवें, पाक, गोळ्या, मलमें. आणि त्यांच्याखालीं गुण आल्याचीं पत्रें. हीं पत्रें बहुधा एकाच सांच्यांतून निघालेलीं असत. अमुक गांवचे मास्तर अनेक वर्षें पीडित होते, वैद्य व डॉक्टर थकले, शेवटीं एका स्नेह्याच्या सांगण्यावरून त्यांनीं एक बाटली मागविली, आणि आतां ते दोन्ही वेळां पोटभर जेवून शांत झोंपतात. तीं पत्रें आम्हीं कित्येकदां मुख्य मजकुराहून अधिक आवडीनें वाचलीं आहेत, हें कबूल करावयास हरकत नाहीं. मात्र एक उणीव प्रत्येक वेळीं जाणवे. मास्तरांच्या पत्नीचें पत्र त्यांत नसे. मास्तर रात्रीं खरोखर झोंपतात कीं काय, हें त्या बाईइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

या जुन्या पत्रांची आठवण होण्याचें कारण सध्यां अमेरिकेंत भरास आलेला एक नवा वाङ्मयप्रकार. युद्ध, अपघात, बलात्कार, बालपणींचा छळ अशा भयंकर प्रसंगांतून गेलेल्या कित्येक माणसांना तो प्रसंग पुढें वर्षानुवर्षें स्वप्नांत व जागेपणीं पुनः पुनः भोगावा लागतो. लहानशा आवाजानें तीं दचकतात, झोंप उडते, जवळच्या माणसांविषयींचें मन बधिर होतें. मानसोपचारशास्त्रांत याला आघातोत्तर तणाव-विकार असें म्हणतात, आणि १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचींत त्याला स्वतंत्र स्थान मिळालें. या विकारावर केटामीन नांवाचें औषध घरच्या घरीं, डॉक्टरच्या डोळ्यांआड घेतलेल्या लोकांचीं निवेदनें आतां लेखांतून, पुस्तकांतून व विक्रेत्यांच्या पत्रकांतून विपुल प्रसिद्ध होत आहेत. औषधाचा निवाडा वैद्यांनीं करावा हें खरें. परंतु हें औषध घरोघर शिरत आहे तें निवेदनांच्या बळावर. आणि निवेदन कसें केलें आहे, त्यांत काय सांगितलें व काय गाळलें, हें पाहणें टीकाकाराच्या अधिकारांतलें आहे.

औषधाविषयीं आवश्यक तेवढें आधीं सांगतों. पार्क-डेव्हिस कंपनीसाठीं काम करणाऱ्या कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानें केटामीन १९६२ सालीं तयार केलें. १९६४ मध्यें तें माणसांवर प्रथम वापरलें गेलें, आणि १९७० मध्यें भूल देण्यासाठीं अमेरिकेंत संमत झालें. व्हिएतनामच्या युद्धांत जखमी शिपायांना तें देत असत. बेताच्या मात्रेंत त्यानें श्वास सहसा मंदावत नाहीं, आणि मोठीं यंत्रें लागत नाहींत. यामुळें आपल्याकडील लहान गांवांच्या शस्त्रक्रियागृहांतहि त्याचा मोठा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत तें १९८५ पासून आहे. त्याची भूल मात्र इतर भुलींसारखी नव्हे. माणूस झोंपल्यासारखा होत नाहीं. डोळे उघडे असूनहि तो आपल्या देहापासून व वेदनेपासून तुटून कोठें तरी बाजूला जाऊन राहतो. या तुटलेपणावरून त्या भुलीला इंग्रजी नांव मिळालें, आणि तें सुचविलें तें संशोधक एडवर्ड डॉमिनो यांच्या पत्नीनें. नवऱ्यानें घरीं येऊन रोग्यांचें वर्णन केलें, तें ऐकून तिला तो शब्द सुचला. या औषधाच्या इतिहासांत बाजूला बसून ऐकणाऱ्या माणसाला असा मान फिरून क्वचितच मिळाला आहे.

आघातोत्तर विकारावर त्याचा उपयोग होतो कीं नाहीं, याविषयीं शास्त्राचें उत्तर अजून एकमुखी नाहीं. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई येथें ४१ रोग्यांवर झालेल्या, २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शिरेवाटे दिलेल्या एका मात्रेनें चोवीस तासांत लक्षणें उतरलीं. तेथील मंडळींनींच २०२१ मध्यें ३० रोग्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवड्यांत सहा मात्रा दिल्यावर केटामीन घेणाऱ्या दर तिघांपैकीं दोघांस गुण आला, पण तो गुण पुढें साधारणतः चार आठवड्यांत ओसरूं लागला. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, १५८ आजी-माजी सैनिकांवरील प्रयोगांत या विकाराच्या लक्षणांपुरतें केटामीन हें औषधविरहित पाण्याहून सरस ठरलें नाहीं. औदासीन्य तेवढें कमी झालें. हे सर्व प्रयोग वैद्यांच्या देखरेखीखालीं झालेले. घरांतल्या गादीवर पडून तोंडांत गोळी विरघळविणाऱ्या माणसाविषयीं ते कांहीं सांगत नाहींत.

मग औषध गादीपाशीं आलें कसें? २०२० च्या महामारींत अमेरिकेनें नियम सैल केले; नियंत्रित औषधें रोग्यास समक्ष न तपासतां लिहून देण्याची मुभा डॉक्टरांस मिळाली, आणि पाहतां पाहतां केटामीनच्या गोळ्या टपालानें घरीं पाठविणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे हें कायद्यानें शक्य नाहीं. केटामीन २०११ मध्यें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आलें, २०१३ च्या डिसेंबरांत औषध-नियमांच्या 'एक्स' परिशिष्टांत घातलें गेलें, आणि मार्च २०२० मध्यें निघालेल्या दूरवैद्यकाच्या नियमावलींत असलीं औषधें दुरून लिहून देण्यास स्पष्ट मनाई आहे. परंतु विचार कायद्याच्या आधीं हिंडतो. परदेशीं असलेल्या आपल्या मुलाबाळांकडून हीं निवेदनें येथवर येतात, आणि ज्याच्या घरीं असा रोगी आहे तो तीं आशेनें वाचतो. म्हणूनच तीं नीट वाचलीं पाहिजेत.

त्यांची घडण अशी. आरंभीं घाव कसा बसला तें दोन-चार वाक्यांत, व मग निरुपयोगी ठरलेल्या औषधांची लांबलचक यादी. त्यानंतर टपालानें आलेली पेटी. तींत गोळ्या, डोळ्यांवर बांधावयाची पट्टी, कधीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र. मग खोली: पडदे ओढलेले, संगीत चालू, दार लोटलेलें. मग मुख्य भाग, म्हणजे तरंगणें, रंग, विस्तार, काळाचें विस्मरण. शेवटीं सकाळ, आणि अनेक वर्षांनीं प्रथमच हलकें वाटणारें मन.

या मुख्य भागाची थट्टा आम्ही करणार नाहीं. ज्या स्मृतीकडे पाहण्याची छाती वीस वर्षें झाली नाहीं, तिच्याकडे एखादा माणूस प्रथमच दुरून पाहतो. जें नित्य घडत होतें तें आतां घडून गेलें असें त्याला दिसतें. हा क्षण खोटा आहे असें म्हणण्याचा अधिकार बाहेरच्यास नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. ज्या भागासाठीं हें सारें लिहिलें जातें तोच भाग लेखनांत सर्वांत निःसत्त्व उतरतो. समुद्र, प्रकाश, अवकाश, एकत्व, हे चार-पांच शब्द आलटून पालटून येतात, आणि दहा निवेदनें वाचल्यावर कोणतें कोणाचें तें आठवत नाहीं. दुःखाच्या वर्णनांत जीं माणसें वेगळीं होतीं तीं सुखाच्या वर्णनांत एकजात होतात. याचें कारण उघड आहे. त्या तासाभरांत दुसरें माणूस नाहीं. संवाद नाहीं, कृति नाहीं, कोणी अडवीत नाहीं. आणि गद्याला अडविणारा लागतो.

वस्तुतः दुसरें माणूस तेथें असतें. औषध घेतांना एखादी प्रौढ व्यक्ति घरांत सोबतीला असावी, अशी या उपचाराची सर्वसाधारण अट आहे. निवेदनांत तिला एक वाक्य मिळतें: नवरा शेजारच्या खोलींत होता, बहीण जिन्यावर बसली होती. बस्स. त्या बहिणीनें दाराच्या फटींतून काय पाहिलें? रोगी बरळत असतांना तिनें काय ऐकलें, आणि त्यांत तिचें स्वतःचें नांव आलें काय? दुसऱ्या दिवशीं जें मन हलकें झालें तें तिलाहि हलकें वाटलें, कीं तें तिच्यापासून आणखी दूर गेलें असें वाटलें? ज्या औषधाचा गुणच मुळीं तुटलेपण, त्याच्या बाबतींत हे प्रश्न आगंतुक म्हणतां येणार नाहींत. आघातानें माणूस आप्तांपासून तुटतो हीच रोगाची तक्रार असते. औषधानें तो आघातापासून तुटला कीं आप्तांपासून, हें आप्तांशिवाय कोण सांगणार?

या वाङ्मयाचें मूळ शोधूं गेल्यास मार्सिया मूर या बाईंपाशीं जावें लागतें. अमेरिकेंतील एका धनाढ्य हॉटेलमालकाची ही कन्या. योग व ज्योतिष यांवर तिनें पुस्तकें लिहिलीं होतीं आणि हिंदुस्थानांतहि ती राहिली होती. पति हॉवर्ड अल्टूनियन हे भूल देणारे डॉक्टर. या जोडप्यानें केटामीन घरीं वारंवार घेतलें, इतरांनाहि दिलें, आणि १९७८ मध्यें 'जर्नीज इंटु द ब्राइट वर्ल्ड' हें पुस्तक संयुक्त नांवानें प्रसिद्ध केलें. आपल्या पद्धतीला त्यांनीं 'समाधि' हें नांव जोडलें. ज्याच्या कानांवर आळंदीची समाधि बालपणापासून पडली आहे त्या मराठी वाचकाला यावर हंसूं येईल. पतंजलीच्या हिशेबानें समाधि ही आठवी पायरी. येथें पहिल्या सात सुईनें ओलांडल्या. पण हंसूं फार वेळ टिकत नाहीं. नंतरच्या निवेदनांत जें जें आढळतें, तो अंधार, तो प्रकाश, तें एकत्व, तो सर्व रोगांवर एकच उपाय सांपडल्याचा आनंद, तें या पुस्तकांत आधींच आहे. आणि नंतरच्या निवेदनांत जें नाहीं तें यांतहि नाहीं. दोन लेखक असून पुस्तकाला दुसरी बाजू नाहीं, कारण दोघेहि त्याच औषधाचे उपासक. जागें राहून पाहणारें असें घरांत कोणीच उरलें नव्हतें. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच काळानें, जानेवारी १९७९ मध्यें, बाई घरून नाहींशी झाली. १९८१ मध्यें तिचे अवशेष रानांत मिळाले. मृत्यूचें कारण निश्चित ठरलें नाहीं.

बाहेरून लिहिलेली हकीकत पाहिजेच असेल तर ती सरकारी कागदांत मिळते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें ऑक्टोबर २०२३ मध्यें घरीं केटामीन घेण्याविरुद्ध एक इशारा काढला. त्यांत एका रोग्याचा उल्लेख आहे: आघातोत्तर विकारासाठीं दवाखान्याबाहेर तोंडावाटे केटामीन घेतलें, श्वास मंदावला, आणि रक्तांतील प्रमाण भूल देतांना सामान्यतः असतें त्याच्या सुमारें दुप्पट आढळलें. दोन वाक्यांची ही हकीकत आम्हांस पुष्कळ रंगीत निवेदनांहून अधिक बोलकी वाटली, जरी तींतहि घरचें माणूस अदृश्यच आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेस मॅथ्यू पेरी हा नट आपल्या घरीं मरण पावला, व केटामीनचा तीव्र परिणाम हें त्याचें मुख्य कारण ठरलें. वैद्यांकडून रीतसर चाललेला उपचार निराळा. मृत्यूस कारण झालेलें औषध त्याबाहेरचें होतें. घरांत राहणाऱ्या पगारी साहाय्यकानेंच इंजेक्शनें दिल्याचें त्यानें पुढें न्यायालयांत कबूल केलें. सोबतीला बसणारें माणूस पगारावर ठेवतां येतें. नको म्हणण्याचा हक्क मात्र त्याला पगारासोबत मिळत नाहीं.

मराठींत असली सोबतीची साक्ष कोठें आहे काय, असा प्रश्न पडला तेव्हां आम्हांस प्रथम लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आठवलीं. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक वाचलें नाहीं असा साक्षर मराठी माणूस विरळा. पण त्याचा आरंभ एका आघातोत्तर मनोविकाराच्या वर्णनानें होतो, हें क्वचितच कोणी म्हटलें असेल. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील सत्तावनच्या बंडांत फांशी गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, नानांना, सोंवळ्याचें वेड लागलें. बाजारांतून येणारी वस्तु धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं. मीठसुद्धां त्यांतून सुटेना. स्पर्शाची भीति, पाण्याचा अखंड खटाटोप, आणि त्या खटाटोपाखालीं भरडली जाणारी बायकोमुलें.

नानांनीं केलें तें काय होतें? तो घरच्या घरीं केलेला उपचारच होता. डोळ्यांसमोरून एक मृत्यु हालेना. त्याचा विटाळ धुऊन काढावयाचा त्यांनीं जन्मभर प्रयत्न केला. पाण्यानें त्यांना क्षणभर बरें वाटत असेल. वाटत नसतें तर ते पुनः पुनः धूत राहिले नसते. नानांनीं स्वतः आत्मवृत्त लिहिलें असतें, तर आपणांस काय वाचावयास मिळालें असतें? शुचितेचें माहात्म्य, मनाची प्रसन्नता, आणि सोंवळ्यानें आलेला गुण. मीठ धुण्याची गोष्ट आपणांस कळली ती घरांतल्या लहान मुलीमुळें, जिला त्या सोंवळ्याच्या आज्ञा पाळाव्या लागल्या. मीठ धुतलें तर पाण्यांत विरून जातें, हें नानांच्या लक्षांत येईना. मुलीच्या आलें.

आणि ती कशी सांगते पाहा. बापाविषयीं राग नाहीं. रोग्याविषयींची सांचेबंद दयाहि नाहीं. हंसत हंसत सांगते, पण त्या हंसण्यानें आईचे हाल झांकले जात नाहींत. टीकाकारांनीं लक्ष्मीबाईंच्या विनोदाची फार स्तुति केली आहे व ती योग्यच आहे. परंतु तो विनोद म्हणजे स्वभावाचा गोडवा, असें जें सहसा म्हटलें जातें तें आम्हांस अपुरें वाटतें. तो अंतर राखण्याचा एक मार्ग आहे. केटामीन घेणाऱ्याला आपल्या दुःखापासून जें अंतर तासाभरासाठीं मिळतें, तें या बाईनें वाक्यावाक्यागणिक स्वतः मिळविलें, आणि तें मिळवितांना माणसें तिच्या नजरेआड झालीं नाहींत. हा फरक मोठा आहे. नानांच्या वेडाचें दुसरें टोंक कोणाच्या अंगावर जाऊन पडत होतें, हें पुढें आपलें सोंवळें टाकतांना तिनें स्वतःच्याच संदर्भांत मांडलें आहे. सवर्णाच्या घरांतील भीतीवर जो उपाय, तो ज्याच्या स्पर्शाची भीति त्याच्या वांट्याला अपमान होऊन येत होता. त्या बाजूची साक्ष यावयास मराठींत आणखी पन्नास वर्षें लागलीं.

तिकडे वळण्यापूर्वीं 'घर' या शब्दापाशीं थोडें थांबलें पाहिजे. घरच्या घरीं उपचार, या कल्पनेंत घर निर्भय आहे हें गृहीत धरलेलें असतें. दवाखाना परका, घर आपलें. आम्ही सोलापूर जिल्ह्यांतले लोक हें गृहीत धरूं शकत नाहीं, कारण किल्लारी आमच्या शेजारीं आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून लोक नुकते निजले असतांना, पहांटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गांवांत धरणी हादरली. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. तीं भूकंपानें मेलीं असें आपण म्हणतों. वस्तुतः तीं घरांनीं मारलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचें ओझें, जें उन्हाळ्यांत गारवा देई, तेंच निजलेल्यांच्या अंगावर आलें. सोलापूरच्या रुग्णालयांत त्या वेळीं जखमी आणले गेले. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं, पक्कीं घरें मिळालीं. आणि त्या पक्क्या घरांत न निजतां बाहेर पत्र्याखालीं अंथरूण घालणारे लोक कित्येक वर्षें होते. अशा माणसाला कोणी सांगितलें कीं, पडदे ओढ, दार लाव, डोळे बांध, आणि या घरांत स्वस्थ पड, तर तो काय करील? त्याचें औषध कदाचित् अंगणांतच असेल.

घराची कल्पना एवढ्यावरच थांबत नाहीं. श्रीपूर हें माळशिरस तालुक्यांतील साखरेचें गांव. १९३४ मध्यें स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनें येथें कारखाना उभारला, तेव्हांपासून दर हंगामांत बाहेरून ऊंसतोड करणारे लोक बायकामुलांसह येतात व पाचटाच्या कोप्या घालून राहतात. कोपीला लोटावयास दार नसतें. अंधारी खोली तर दूरच. आमच्याच जिल्ह्यांतले शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ंत (१९८४) बसस्थानक हें कुटुंबाचें निजण्याचें ठिकाण होतें. घरच्या घरीं उपचार हा कोणाच्या घरचा, हें विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. या नव्या निवेदनांना जी ओढ आहे ती समजावयास श्रीपुरांतच राहावें. येथून सोलापूर शंभरएक किलोमीटर. मनाच्या डॉक्टराकडे जावयाचें तर एक दिवसाची मजुरी बुडते, एस्. टी. चें भाडें पडतें, आणि परत आल्यावर 'कोठें गेला होतात' या प्रश्नाला खरें उत्तर देण्याची सोय नसते. वेड्याचा डॉक्टर हें नांव अजून गेलेलें नाहीं. अशा बाईला औषध घरीं यावें असें वाटलें तर तिला आम्ही भोळी म्हणणार नाहीं. तिची गरज खरी आहे, आणि ती गरज ओळखली हें त्या अमेरिकन विक्रेत्यांचें चातुर्य. परंतु ज्या घरांत तें औषध यावयाचें त्या घरानेंच घाव दिला असेल तर?

हा प्रश्न मनांत घेऊन बेबी कांबळे यांचें 'जिणं आमचं' (१९८६) पुनः वाचलें. नीरेच्या उजव्या कालव्यानें फलटण आणि आमचा माळशिरस एकाच पट्ट्यांत आणले आहेत, त्यामुळें फलटणच्या या लेखिकेची भाषा आमच्या कानांस परकी नाहीं. महार समाजाचें जिणें, उपास, अंगांत येणें, सासुरवास भोगणाऱ्या कोंवळ्या मुली, आणि बाबासाहेबांच्या चळवळीनें आलेलें भान, हें सारें त्यांत अशा धीटपणानें आलें आहे कीं वाचतांना मान खालीं जाते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांतील सोंवळ्याची जी दुसरी बाजू आम्हीं वर म्हटली ती हीच. पण त्या पुस्तकांत एक पोकळी आहे, आणि ती प्रथम वाचतांना आमच्या लक्षांत आली नव्हती. कथन 'आम्हां'विषयीं आहे. लेखिकेच्या स्वतःच्या संसाराविषयीं त्यांत जवळजवळ कांहीं नाहीं.

बाई लहानसें दुकान चालवीत. सामान बांधावयास येणारे रद्दीचे कागद वाचतां वाचतां त्यांना वाचनाची गोडी लागली, आणि पुढें त्या चोरून लिहूं लागल्या. लिहिलेलें घरांत लपवून ठेवीत. असें वीसएक वर्षें चाललें. लपवावयाचें तें नवऱ्यापासून. त्यांना मार खावा लागे. केटामीनच्या निवेदनांतील तो शेजारच्या खोलींतला नवरा येथें आठवावा. सोबतीला बसावयाचें माणूस घरांत होतें, पण त्याच्याचपासून कागद लपवावे लागत. अशा घरांत औषधाची पेटी टपालानें आली असती तर ती प्रथम कोणाच्या हातीं पडली असती, हें सांगावयास नको. औषध नव्हतें, कागद होते, आणि ते घरांत लपून राहूं शकत होते एवढाच त्यांचा गुण.

पुस्तकांत जें गाळलें तें बाईंनीं कायमचें गाळलें असें मात्र नाहीं. 'जिणं आमचं'चा इंग्रजी अनुवाद माया पंडित यांनीं केला व तो २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यासोबत बाईंची मुलाखत आहे. तींत अनुवादिकेनें त्यांच्या संसाराविषयीं विचारलें आहे, आणि तेथें त्या माराविषयीं, संशयाविषयीं, लपविलेल्या कागदांविषयीं बोलतात. आवाज चढवीत नाहींत. असें अनेकींचें होतें, म्हणून आपलें वेगळें काय लिहावयाचें, असा त्यांचा रोख आहे. पुस्तक लिहून झालें होतें, गाजलेंहि होतें, आणि तरीहि एवढी गोष्ट सांगावयाची राहिली होती. दुसरी एक बाई समोर बसून विचारूं लागली तेव्हां ती बाहेर आली.